शून्य धाग्यांचा कापूस

खरेदी विभागातली माणसं जगभर हिंडतात, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम गैरसमज आहे. चोवीस वर्षं मी पुण्याजवळच्या एका कारखान्यासाठी माल विकत घेते आहे, आणि या चोवीस वर्षांतला माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे खुर्चीपासून कँटीनपर्यंत. पुरवठादार म्हणजे माझ्या लेखी संगणकावरची एक ओळ. नाव, देश, भाव, किती दिवसांत पोचणार. भाव पाडायचा, सही घ्यायची, पुढची ओळ. त्या ओळीपलीकडे माणूस जेवतो-झोपतो हे कळायला मला यवतमाळ जिल्ह्यात जावं लागलं. उशीर झाला खरा, पण गेले ते बरं झालं.

आमचा कारखाना दवाखान्यांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी कापूस तयार करतो. त्याला लागणारी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आम्ही परदेशातून आणायचो. लोक विचारतात, अहो, कापसाच्या देशात कापूस बाहेरून? तर कारण एकच. आपल्याकडे शेतातून निघालेला कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, पोचेतो त्यात पोत्याचे, दोरीचे, गुटख्याच्या पुडीचे बारीक प्लॅस्टिकचे धागे मिसळतात. रुई कितीही धुवा, ते जात नाहीत. बाळाचा डोळा पुसायच्या कापसात धागा निघालेला कुठल्या आईला चालेल?

मग समुद्रात भानगडी सुरू झाल्या. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली आणि आमचे कंटेनर कुठल्याशा बंदरात अडकून बसले. दिवाळीनंतरच्या पहिल्या मीटिंगमध्ये डायरेक्टर साहेबांनी सांगितलं, गोदामात दोन आठवड्यांची रुई उरली आहे. ती संपली की पॅकिंगची लाइन बंद, आणि त्या लाइनवरच्या बेचाळीस बायका घरी.

मी साताऱ्याची. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. मी म्हणाले, "आठ दिवस द्या साहेब. इथल्याच रुईचा नमुना आणते, एकही धागा नसलेला."

साहेब हसले नाहीत, हेच नशीब. तीन वर्षांपूर्वी बाभुळगावकडच्या बायकांच्या एका शेतकरी कंपनीचं पत्र आलं होतं, "आम्ही स्वच्छ कापूस देतो" म्हणून. भाव जास्त वाटला, तेव्हा मी ते पत्र एका मिनिटात नाकारलं होतं. आता तेच शोधून काढलं आणि फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "या. पाहून घ्या." बस, एवढंच.

धामणगाव ते बाभुळगाव

रेल्वे धामणगावला सोडते. तिथून बाभुळगावचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं, आणि उरलेल्या सगळ्या जागेत कापूस. मधे मधे तुरीची एकेक ओळ, पिवळ्या फुलांनी भरलेली. चोवीस वर्षं ज्या मालाच्या फायली रंगवल्या, तो झाडावर कसा दिसतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझी मलाच लाज वाटली.

बाभुळगावला स्टँडजवळ पोहे मागितले. पोह्यांवर लाल तर्री ओतताना हॉटेलवाल्यानं विचारलं, "कमी टाकू का, मॅडम?" मी म्हटलं, "साताऱ्याची आहे मी, ओता बिनधास्त." त्यानं ओतली. दुसऱ्या घासाला कानातून वाफ निघाली, डोळ्यांतून धारा. शेजारच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "माय वो, रडून कायले राह्यली बाई? घरचं कोनी गेलं का?" मी पाण्याचे दोन ग्लास रिचवले आणि साताऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुण्यात माझ्यासारखे खरेदीवाले पुष्कळ आहेत, उद्या सगळे तिथं जाऊन बसतील.

बुधवारपर्यंत थांबा

शोभाबाई त्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. ओसरीवर गावातल्या आठ-दहा बाया जमवून बसल्या होत्या. मी टेकते न टेकते तो चहा आला. आता आमच्या कंपनीचा नियम आहे की ऑर्डर ठरेपर्यंत पुरवठादाराकडचं काही घ्यायचं नाही, चहासुद्धा. मी हात जोडून तसं सांगितलं.

शोभाबाईंनी कप खाली ठेवला. "म्हंजे आमच्या घरचा च्या तुमाले चालत नाई, आन आमच्या वावरातला कापूस लेकराच्या डोयाले लावाले चालते?"

पुण्यात "चहा घेणार का?" हा प्रश्न असतो, आणि "नको" हे त्याचं सभ्य उत्तर. इथं तो प्रश्नच नव्हता. मी कप उचलला, चहा प्यायले, आणखी अर्धा मागितला. मग कुठं बाया हसल्या.

मी कामाचं काढलं, अडकलेल्या जहाजांचं आणि लाइनचं सांगितलं. "उद्याच वेचणी करू. मला शनिवारी नमुना घेऊन गाडीत बसायचंय."

"उद्या नाई जमत. बुधवारी सीतादही हाये. ते झाल्याबिगर पऱ्हाटीले हात नाई लावत आमी."

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, आणि सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधीची पूजा, हे शेजारच्या बाईनं मला समजावलं. आज सोमवार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिकडं लाइन बंद पडायला आलीय आणि इथं पूजेची वाट बघायची! मी आवाज चढवला. "अहो, बेचाळीस बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे!"

"आमच्या इथं बी बायाच हायेत ना," शोभाबाई शांतपणे म्हणाल्या. "आन मॅडम, एक इचारू? जहाज पुन्हा सरळ येऊ लागलं, तं आमाले इसरान का? मागच्या सालीबी एक कंपनीवाला आलता. फोटो काढले, गोड गोड बोलला. मंग फोनच उचलत नाई."

मी म्हटलं, "मी तशी नाही." म्हटलं खरं, पण तीन वर्षांपूर्वीचं ते नाकारलेलं पत्र आठवलं.

मंगळवारी मी रिकामी बसले नाही, कारण तिथं मला कुणी बसूच दिलं नाही. बायांनी घराघरांतून जुनी सुती धोतरं, जुनी लुगडी गोळा केली होती. ती धुऊन, कडा दुमडून, त्यांचे मोठे चौकोन शिवणं चाललं होतं. वेचलेला कापूस या धडप्यांतच बांधायचा, प्लॅस्टिकचं पोतं वावरात आणायचंच नाही, हा त्यांचा तीन वर्षांचा नियम. टेरिकॉटचं कापड दिसलं की शोभाबाई ते लांबूनच ओळखायच्या आणि भिरकावून द्यायच्या. मी दोन धडपे शिवले. माझी शिवण बघून एकीनं ती निमूटपणे उसवली आणि पुन्हा घातली.

मग मी माझ्या बॅगेतून कंपनीच्या पिशव्या काढल्या. निळ्या, विणलेल्या, मजबूत, वर कंपनीचं नाव. नमुना याच पिशव्यांत भरायचा, नाहीतर आमची लॅब तो हातात घेत नाही.

शोभाबाईंनी एक पिशवी उलटीपालटी केली. "हे कायले? धडपे हायेत ना."

"नियम आहे," मी म्हणाले.

"बरं बाप्पा, तुमच्यापायी एक डाव नेम मोडू. अर्धा तुमच्या पिशवीत, अर्धा आमच्या धडप्यात."

वावरात

बुधवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही वावरात. पूजा माझ्या कल्पनेपेक्षा छोटी निघाली, आणि फार गोड. पऱ्हाटीची दोन-तीन झाडं कापसाच्या लडीनं एकमेकांत गुंफली, बुडाशी खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मग तोच दहीभात मुठीमुठीनं चारी दिशांना शिंपडला. एकीनं माझ्याही हातात मूठभर दिला. आमच्याकडे नवं मशीन आलं की नारळ फोडतो, पेढे वाटतो आणि कामाला लागतो. इथं आधी जमिनीला जेवू घातलं, मग तिच्याकडं मागितलं. मला ते एकदम पटलं.

त्यानंतर वेचणी. लांबून वाटतं, बोंडातून कापूस ओढायचा, त्यात काय! वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला अशी टोचतात की विचारू नका. तासाभरात माझी बोटं रक्ताळली. शोभाबाईंचा हात बोंडाला लागतोय की नाही कळायच्या आत कापूस ओटीत. पानाचा चुरा नाही, कवडी म्हणजे किडका-पिवळा कापूस नाही.

"मॅडम, तुमच्या ओटीत कापूस कमी आन पालाच जास्त हाये," एक म्हणाली.

"तिले पाल्याचीच ऑर्डर असन," दुसरी म्हणाली, आणि अख्खं वावर खो खो हसलं. मीही हसले. खोटं कशाला बोलू, कितीतरी वर्षांत कामावर मी इतकी हसले नव्हते.

दुपारी ज्वारीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याकडं मी आदरानं बघितलं आणि झुणक्यावर भागवलं. गुरुवारी तो कापूस उन्हात वाळला. निळ्या पिशव्या एका बाजूला, पांढरी गाठोडी दुसऱ्या बाजूला.

इक्बालभाईंचं जिनिंग

शुक्रवारी कापूस, बाया आणि मी, सगळे टेम्पोतून बाभुळगावला. इक्बालभाईंचं जिनिंग लहान आहे, वडिलांच्या वेळचं, पण अंगण असं झाडलेलं की खाली पडलेली सुई दिसावी. फाटकाशीच ते उभे. पांढरी दाढी, हातात एक डबा. आत जाणाऱ्या प्रत्येकानं खिसे त्या डब्यात रिकामे करायचे. गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टनं, प्लॅस्टिकचा कंगवा.

"मॅडम, ये ओढनी नायलॉन की है ना? भाईरच ठेवा."

"अहो, मी कंपनीची माणूस आहे!"

"आज कलेक्टर आला तरी खिसे झाडूनच आत येईन. शोभाबाईनं तीन साल झाले मले कसम घातली हाये."

ओढणी खिळ्याला अडकवून, माझ्या पिशव्याही फाटकाशीच रिकाम्या करून बाहेर भिंतीला टेकवून मी आत गेले. त्यांनी आधी धडप्यांतला कापूस यंत्रातून काढला, मग माझ्या पिशव्यांतला. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, पहिल्या मालानं यंत्राचे रूळ साफ होतात, पाहुण्याचा माल साफ रुळावरून गेला पाहिजे. सरकी एका बाजूला गळत होती, रुई दुसऱ्या बाजूला. दोन्ही ढीग वेगळे ठेवले.

लॅबमध्ये करतात तशीच तपासणी मी तिथं करायचं ठरवलं. काळं सुती कापड अंथरलं. पिशवीतल्या मालाची रुई मूठमूठ घेऊन, बोटांनी सोडवून उजेडात बघायची. बाया भोवती बसल्या. अर्धा तास काहीच नाही. माझी छाती फुगायला लागली. आणि मग माझ्याच मुठीत एक धागा. निळा. पुढं आणखी एक. आणि आणखी एक.

लॅब घेते तो पिशवीतलाच माल, म्हणून बाहेर जाऊन साहेबांना फोन केला. खोटं बोलता आलं असतं, पण लॅबला तीन मिनिटांत कळलं असतं. साहेब एवढंच म्हणाले, "परत या, उज्ज्वला. सोमवारी लाइन बंदची नोटीस लावतो." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी आत आले आणि सांगितलं. मला रडू फुटलं, लपवत नाही. मी म्हटलं, "तुमचा दोष नाही, एवढा मोठा माल, कुठून तरी येतोच धागा."

"कुठून तरी म्हंजे कुठून?" शोभाबाई ताडकन उठल्या. "आमच्या गावात असा निळा धागा नाई. द्या इकडे."

त्यांनी तो चिमटीत धरला, बोटांत चोळला. आगपेटी मागितली तसे इक्बालभाई किंचाळले, "अंदर नई! बाहर, बाहर!" फाटकाबाहेर, नळाशी, शोभाबाईंनी काडी ओढली. धाग्याची राख झाली नाही, आखडून त्याचा टणक मणी झाला. प्लॅस्टिक. शोभाबाई तशाच वळल्या, भिंतीला टेकवलेली माझी निळी पिशवी उचलली, तिच्या तोंडाशी नख घातलं आणि ओढलं. हातभर लांब निळा धागा सरसर निघून आला. पिशवीच्या तोंडाला कड दुमडलेलीच नव्हती. नुसती कापलेली.

त्यांनी तो धागा माझ्या तळहातावर ठेवला.

आता खरं सांगते, जे मी त्या क्षणापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पिशव्या मीच घेतल्या होत्या. तीन कोटेशनमधली सगळ्यात स्वस्त. त्या पुरवठादाराला मी आणखी खाली ओढलं होतं, आणि तो बिचारा म्हणाला होता, मॅडम, या भावात कड शिवून मिळणार नाही. मी म्हटलं होतं, कड काय करायचीय, माल भरायला तोंडच तर लागतं! त्या बचतीबद्दल माझं कौतुकही झालं होतं. स्वच्छ कापूस शोधायला मी पाच दिवस गावभर नाक वर करून फिरले आणि घाण आणली मीच, कंपनीच्या नावासकट.

मी ते सगळं बायांसमोर घडाघडा बोलून टाकलं. मग शोभाबाई म्हणाल्या, "चला, सापडलं तं खरं! दुसरा ढीग पाहा आता. रडता काहून?"

दुसरा ढीग, धडप्यांतल्या कापसाचा. पुन्हा काळं कापड, पुन्हा मूठमूठ. या वेळी इक्बालभाईही मांडी घालून बसले, चष्मा लावून. दुपार कलली. एक पान नाही. एक पुडी नाही. एक धागा नाही. शेवटची मूठ सोडवली आणि मी ओरडले, "शून्य!" बायांनी अशा टाळ्या पिटल्या की शेजारच्या दुकानातली माणसं फाटकाशी आली. इक्बालभाई म्हणाले, "माशाल्ला! भजे मांगवा रे कोनी." शोभाबाईंनी माझे खरचटलेले दोन्ही हात धरून गदागदा हलवले.

परत पुण्यात

शनिवारी एका जुन्या पांढऱ्या धोतरात नमुना बांधून मी गाडीत चढले. सोमवारी कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं गाठोडं अडवलं. "मॅडम, हे काय? कंपनीची पिशवी कुठाय?" लॅबनंही तेच केलं. नमुना ठरलेल्या पिशवीत नाही, घेता येणार नाही. मी तिथंच खुर्ची ओढून बसले. "साहेबांना बोलवा. मी हलत नाही."

साहेब आले. नोटीस त्यांच्या हातातच होती. मी उभी राहून पहिलं वाक्य बोलले ते हे, "साहेब, निळे धागे आपल्या पिशवीचे होते, आणि ती पिशवी माझी खरेदी." मग बॅगेतून रिकामी निळी पिशवी काढून तिच्या तोंडाचा धागा सगळ्यांसमोर ओढून दाखवला. साहेबांनी तो पाहिला, मला पाहिलं, गाठोडं पाहिलं आणि लॅबला म्हणाले, "मोजा."

काचेपलीकडं पॅकिंगच्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुपरवायझरनं त्यांना हाकललं नाही. दीड तास मोजणी चालली. लॅबच्या मुलीनं शेवटी चष्मा काढला आणि काचेकडं वळून हाताच्या बोटांनी मोठं शून्य करून दाखवलं. तो आरडाओरडा मी जन्मात विसरणार नाही. साहेबांनी नोटिशीचे दोन तुकडे केले.

त्याच आठवड्यात बाभुळगावहून ट्रक निघाला, रुईच्या गाठी सुती कापडात बांधलेल्या. लाइन एक दिवससुद्धा थांबली नाही. आणि खरेदीचा कागद या वेळी वेगळा लिहिला गेला. जहाजं उद्या सरळ यायला लागली तरी आमची अर्धी रुई दरवर्षी इथलीच, आणि खरेदीवाल्यानं माल पिकतो तिथं जाऊन आल्याशिवाय नव्या ऑर्डरवर सही नाही. हे शेवटचं कलम मी घालून घेतलं, भांडून.

पण हे सगळं पुढचं. त्या सोमवारी, काचेपलीकडचा गलबला थांबायच्या आत, मी शोभाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. साहेब शेजारी. "शोभाबाई, पास झाला! शून्य!"

"ते तं आमाले मालूमच होतं," पलीकडून आवाज आला. "आमचा माल पास झाला. तुमची कंपनी पास झाली का?"

मी साहेबांकडं पाहिलं. चोवीस वर्षांत पुरवठादारानं आम्हाला असं कधी विचारलं नव्हतं. साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच येऊन तपासा. कधी येता?"

"वेचणी झाली का येतो, दहा जणी. तवर गोदाम झाडून ठेवा."